दर्शन आणि गणना : काशीच्या शरदातील पक्षी

इसवी सन २०२४ मध्ये विजयादशमी १२ ऑक्टोबरला, शनिवारी आली. त्याच दिवशी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने योजिलेली जागतिक शरद्-गणनाही होती. ‘ऑक्टोबर बिग डे’ या नावाने २०१८ पासून दरवर्षी ऑक्टोबरातील एका शनिवारी ही गणना होते. जगभरचे निरीक्षक त्या एका दिवसात दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या ‘ई-बर्ड’ या नोंदसंग्रहात जमा करतात. भारतातील निरीक्षकही तीत भाग घेतात. उत्तर भारतात विजयादशमीला नीलकंठाचे, म्हणजे आपल्याकडील नीलपंखाचे, दर्शन शुभ मानले जाते. काशीसारख्या नगरीत त्या सकाळी एकाच पक्ष्याकडे दोन दृष्टींनी पाहिले जाणे शक्य होते : एक दर्शनार्थ्याची, दुसरी गणकाची. या दोन दृष्टी परस्परांना अपरिचित आहेत, आणि भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी हा अपरिचय आजवर स्वस्थपणे पाहिला आहे. तो तसाच राहू देणे यापुढे परवडणारे नाही.

दर्शनाची दृष्टी म्हणजे निव्वळ श्रद्धा आणि गणनेची दृष्टी म्हणजे निव्वळ शास्त्र, अशी सोयीची वाटणी प्रथम बाजूला ठेवावयास हवी. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खंजन पक्ष्याला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. वर्षाकाळानंतर खंजन प्रथम दिसला तो कोठे दिसला, यावरून शुभाशुभ सांगणे हा त्या अध्यायाचा हेतू. परंतु फल सांगण्यापूर्वी ग्रंथकार पक्ष्याचे चार प्रकार करतो : काळ्या गळ्याचा व उंचावलेल्या मानेचा तो भद्र, तोंडापासून कंठापर्यंत काळा तो संपूर्ण, गळ्यावर केवळ काळा ठिपका असलेला तो रिक्त, आणि पिवळा तो गोपीत. गळा, मुख आणि पिवळेपणा याच खुणांवरून आजचा निरीक्षकही पांढरा धोबी व पिवळा धोबी वेगळे ओळखतो. शकुनाचे फल कोणी मानो वा न मानो. ते सांगण्यासाठी आधी पक्षी नीट पाहावा लागला होता, काळ टिपावा लागला होता आणि स्थळ लक्षात ठेवावे लागले होते. शरद्-गणनेच्या यादीत याहून निराळे काय मागितले जाते?

साहित्याच्या अभ्यासकाला गणनेची गरज का पडावी, हा प्रश्न येथे कोणी उपस्थित करील. त्याचे उत्तर शरदाच्याच दोन वर्णनांत सापडते. काशीत दीर्घकाळ राहिलेल्या तुलसीदासांच्या रामचरितमानसात, किष्किंधाकांडातील शरदवर्णनात, ऋतू ओळखून आलेल्या खंजनांचा उल्लेख येतो. याच कांडाच्या आरंभी काशीची स्तुतीही आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात शरदाच्या चांदण्यातील अमृतकण वेचणाऱ्या चकोराच्या पिलांची उपमा आहे. दोन्ही ठिकाणी ऋतू शरद, दोन्ही ठिकाणी पक्षी, दोन्ही ठिकाणी त्या पक्ष्यावरून माणसाच्या मनाकडे वळणारी दृष्टी. तरीही दोन उल्लेखांची जात एक नाही. चकोर हा हिमालयाच्या उतारावरील पक्षी; तो महाराष्ट्रात नांदत नाही आणि चांदणे तर कोठेच पीत नाही. तो संस्कृत काव्यपरंपरेतून आलेला संकेत आहे. खंजनाचे मात्र तसे नाही. पावसाळा सरताना पांढरा धोबी उत्तरेकडून गंगेच्या मैदानात उतरतो, हे आजची प्रत्येक शरद्-गणना पुन्हा दाखवून देते. एक उल्लेख परंपरेचा आहे, दुसरा निरीक्षणाचा. आणि काव्य म्हणून दोन्ही तेवढेच खरे आहेत.

राजशेखराने काव्यमीमांसेत कविसमयाची चर्चा करताना तीन वाटा सांगितल्या : जे नाही त्याचे वर्णन, जे आहे त्याचे अवर्णन, आणि जे अनेक ठिकाणी वा काळी आहे त्याला एकाच ठिकाणी वा काळी बांधून टाकणारा नियम. प्रत्येक जलाशयात हंस, रात्री विरहणारे चक्रवाक, केवळ वर्षाकाळीच नाचणारा मोर ही त्याची परिचित उदाहरणे. अशी विभागणी करणाऱ्याला वास्तवातला हंस कोठे असतो आणि मोर एरवीही नाचतो, हे ठाऊक असलेच पाहिजे. आधुनिक समीक्षेने मात्र ‘कविसमय’ या शब्दाचा उपयोग पक्षी न पाहण्याच्या परवान्यासारखा केला. काव्यात पक्षी आला की तो प्रतीक; प्रतीक म्हटले की त्याची जात, त्याचा ऋतू, त्याचे गाव यांची चौकशी अनावश्यक. परिणामी चकोर आणि खंजन एकाच पंक्तीला बसले आणि भारतीय ऋतुकाव्यात निरीक्षणाचा वाटा किती, या मूलभूत प्रश्नाला हातच घातला गेला नाही. तारीख, स्थळ व संख्या यांसह साठत जाणाऱ्या पक्षिगणना हे या प्रश्नाच्या उत्तराचे साधन आहे. साहित्याभ्यासाने ते वापरावे, ही येथील पहिली सूचना.

दुसरी सूचना गणनेच्या व्यवस्थेसाठी आहे आणि ती अधिक निकडीची आहे. गणनेच्या यादीत जात असते, संख्या असते, वेळ व स्थळ असते. परंतु त्या स्थळी तो पक्षी कोणत्या नावाने ओळखला जातो, यासाठी रकाना नसतो. काशीच्या घाटावर शेपटी वरखाली हलवीत चालणाऱ्या त्या लहान पक्ष्याला संस्कृतात खंजन व खंजरीट, पूर्वेकडील हिंदी बोलींत खंजरीटापासून आलेला ‘खँडरिच’, तर मराठीत ‘धोबी’ वा ‘परीट’ असे म्हणतात. पाण्याच्या कडेला वाकून कपडे आपटणाऱ्या माणसाची आठवण या शेपटीने मराठी माणसाला करून दिली. फ्रेंच लोकांनाही नेमकी तीच आठवण झाली. त्यांच्या भाषेत हा पक्षी ‘लावांदियेर’, म्हणजे धोबीण. एक नाव संस्कृतातून झिजत आले, दुसरे नदीकाठच्या धंद्यावरून पडले. दोन्ही नावे म्हणजे दोन संक्षिप्त निरीक्षणे आहेत. दुर्गाघाट व ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील वृद्ध या पक्ष्याला धोबी म्हणतात, खंजन म्हणतात की खँडरिच, हा भाषाभ्यासाचा उत्तम प्रश्न आहे. तो विचारण्याची सोय कोणत्याही गणनेत नाही.

ई-बर्डच्या याद्या आता मराठी, हिंदी अशा भाषांतील नावांनीही पाहता येतात, हे खरे. आणि ते स्वागतार्हही आहे. परंतु तेथे प्रत्येक जातीला प्रत्येक भाषेचे एकेक ठरीव नाव असते. नाव वरून खाली येते, खालून वर जात नाही. असा प्रयत्न यापूर्वीही झाला आहे. डॉ. रघुवीर यांनी के. एन. दवे यांच्या साहाय्याने १९४९ साली नागपूरहून भारतीय पक्ष्यांची संस्कृतनिष्ठ शास्त्रीय नामावली प्रसिद्ध केली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती भक्कम होती. पण लोकांच्या तोंडी ती बसली नाही. दवे यांचा १९८५ चा संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरील इंग्रजी ग्रंथ मात्र आजही अभ्यासकाला टाळता येत नाही, कारण तेथे नावे बनविलेली नाहीत, शोधलेली आहेत. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी दोन्ही कामे केली. काकागार, सारंगागार असे शब्द त्यांनी घडविले ते खरे. परंतु त्यांच्या पक्षिकोशामागचे बळ वनात राहणाऱ्या व पाण्यावर जगणाऱ्या लोकांकडून ऐकलेल्या नावांचे आहे. एका व्यक्तीने आयुष्यभर जे केले, ते हजारो गणकांच्या हातून थोडेथोडे का होऊ नये?

यावर शास्त्रज्ञांचा आक्षेप ठरलेला आहे. लोकनावे संदिग्ध असतात. ‘धोबी’ म्हटले की चार-पाच जाती त्यात मोडतात आणि एकाच जातीला दहा गावांत दहा नावे असतात. आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. लोकनाव शास्त्रीय नावाच्या जागी लिहावे, असे कोणीच म्हणत नाही. त्याच्या शेजारी लिहावे, एवढेच मागणे आहे. जात निश्चित झाल्यावर नावाची संदिग्धता उपद्रवी राहत नाही, उलट ती बोलकी होते : कोणता भेद लोकांना महत्त्वाचा वाटला आणि कोणता वाटला नाही, हे तीच सांगते. हिवाळ्याच्या तोंडावर काशीच्या गंगेत कुरव पक्ष्यांचे थवे येतात; नावेतून त्यांना शेव घालणे हा प्रवाशांचा करमणुकीचा प्रकार झाला आहे. नावाडी आणि प्रवासी त्यांना सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव हा लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच सरोवरांवर वीण करणारा पक्षी. सायबेरियाशी त्याचा संबंध लावणे अवघडच. नाव चुकीचे आहे म्हणून ते गाळावे काय? मुळीच नाही. एक परका भूगोल काशीच्या बोलीत कसा शिरला आणि त्याने कोणती जुनी नावे झाकून टाकली, याचा तो पुरावा आहे. झाकलेली नावे आज वृद्ध मल्लाहांना विचारली तरच मिळतील.

याचा अर्थ दर्शनाच्या परंपरेला निर्दोष ठरवावे असा नाही. नीलकंठाच्या दर्शनासाठी पक्षी पकडून, पिंजऱ्यात घालून दारोदार फिरविण्याची रीत उत्तर भारतात चालत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तसे करणे गुन्हा ठरते आणि ते योग्यच आहे. ज्या दर्शनात पाहणाऱ्याला पुण्य आणि पाहिल्या जाणाऱ्याला पिंजरा मिळतो, ते मूळच्या शकुनविचाराचेही विडंबन होय. कारण शकुन हा स्वेच्छेने समोर आलेल्या पक्ष्याचा, विकत आणलेल्या पक्ष्याचा नव्हे. गणनेचे श्रेष्ठत्व येथे निर्विवाद आहे. तिला पक्षी मोकळाच लागतो आणि एकाने तिचे समाधान होत नाही.

म्हणूनच या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी विद्यापीठांतील भाषाविभागांवर येते. वाराणसीचे विस्तीर्ण विद्यापीठ-परिसर, सारनाथ, घाट आणि पलीकडची रेती ही निरीक्षणाची स्थळे हाताशी आहेत. महाराष्ट्रात चितमपल्लींच्या आणि सालिम अलींच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. दोन्ही ठिकाणी प्रत्येक निरीक्षक-गटाबरोबर भाषेचा एक विद्यार्थी असावा. सांगितलेले नाव, ज्या बोलीत ते सांगितले गेले ती बोली, सांगणाऱ्याचा व्यवसाय, आणि त्या पक्ष्याविषयी ऐकलेली समजूत, एवढ्या चार गोष्टी त्याने सांगणाऱ्याच्या संमतीने लिहून घ्याव्यात. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वही आणि ऐकण्याची तयारी पुरेशी आहे.

घाई करण्याचे कारण गणनेनेच दिलेले आहे. ९४२ जातींचा आढावा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय पक्षिस्थितीच्या अहवालात नीलपंखाच्या संख्येत सुमारे ३० टक्के घट दिसून आली. या पक्ष्याला संस्कृतात चाष म्हणत. त्याच शब्दाचे रूप मराठी बोलींत ‘चास’ आणि ‘तास’ असे उरले आहे. ‘तास’ म्हणजे काय, हे आज किती मराठी वाचकांना सांगता येईल? पक्षी किती उरले याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था या देशात उभी राहिली आहे. त्यांची नावे किती उरली, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. आणि ती वही उघडण्याचे काम पक्षिशास्त्राचे नाही, साहित्याचे आणि भाषेचे आहे.