केळ्यातला किरण, अकरा एकरांची दुर्बीण

गॅमा किरण आरशाने परतवता येत नाहीत की भिंगाने वळवता येत नाहीत. त्यांची तरंगलांबी अणूच्या आकाराहूनही लहान असते. म्हणून हा किरण पदार्थात शिरून एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देईल, किंवा स्वतः संपून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला घालेल, याची वाट पाहावी लागते. शास्त्रज्ञ मोजतात त्या याच मागे राहिलेल्या खुणा.

त्यासाठीचे सर्वांत मुरलेले साधन म्हणजे थॅलियमचा अंश मिसळलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक. किरणाने त्यात ऊर्जा सोडली की मंद प्रकाश चमकतो आणि मागची फोटोमल्टिप्लायर नळी त्याचे विजेच्या स्पंदात रूपांतर करते. स्पंद जितका उंच, तितकी किरणाची ऊर्जा जास्त. रावेर-यावलकडची केळी शिशाच्या कवचात अशा स्फटिकाशेजारी ठेवून पुरेसा वेळ मोजणी केली, तर आलेखावर १४.६ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जागी एक टोक हळूहळू वर येते. ती पोटॅशियम-४०ची सही. मध्यम आकाराच्या एका केळ्यात दर सेकंदाला असे साधारण १५ अणू क्षय पावतात आणि त्यांतून एखाद-दोन गॅमा किरण सुटतात. (केळी खाणाऱ्याने घाबरू नये, त्याच्या स्वतःच्या शरीरात याच्या कितीतरी पट पोटॅशियम-४० असते.)

आकाशातून येणाऱ्या किरणांची अडचण वेगळी. पृथ्वीचे वातावरण त्यांच्यासाठी दहा मीटर पाण्याच्या थराइतके जाड आहे, त्यामुळे ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. साधन वर न्यावे लागते. अवकाशातले गॅमा स्फोट प्रथम टिपले गेले ते १९६७मध्ये, अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांवर. हे उपग्रह खरे तर चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला सोडले होते. भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेले, पुण्याच्या ‘आयुका’चाही वाटा असलेले कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे उपकरण आहे. त्यात १६,३८४ चौकटी आहेत. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याने एक गॅमा स्फोट नोंदवला.

पण ऊर्जा वाढत जाते तसे किरण विरळ होतात. वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघातून एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा किरण एका चौरस मीटरवर सुमारे दोन महिन्यांत एकदा येतो. एवढ्याशा उपग्रहाने त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. इथे वातावरणाचा अडसरच कामाला येतो. किरण हवेत आदळला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची सर कोसळते. हे कण हवेतल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावतात, म्हणून निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश सुटतो. जमिनीवर तो सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे अकरा एकरांवर पसरतो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागातच विझतो. त्या अकरा एकरांत कुठेही आरसा मांडला तरी किरण सापडतो; मग दोन महिन्यांची प्रतीक्षा दोन मिनिटांवर येते.

ही विद्या भारतात मुरली त्या ठिकाणांपैकी एक खान्देशच्या उत्तरेला उभ्या असलेल्या सातपुड्यातच आहे. भुसावळहून खंडवा, इटारसी करत पिपरियाला उतरले की वर पचमढी. टाटा संस्थेने १९८६मध्ये आपला चेरेन्कॉव्ह प्रकाश टिपण्याचा प्रयोग उटीहून तिथे हलवला. पुढे १,०७५ मीटर उंचीवर २५ दुर्बिणी उभ्या राहिल्या, प्रत्येकीत ०.९ मीटर व्यासाचे सात आरसे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. कोणत्या दुर्बिणीवर तो किती नॅनोसेकंद आधी पोचला, एवढ्यावरून किरणाची दिशा काढली जाई. चांदणे मात्र चालत नसे. काम फक्त काळोख्या, निरभ्र रात्री.

हीच पद्धत २००८मध्ये लडाखमधील हानले येथे ‘हगार’च्या सात दुर्बिणींसाठी वापरली गेली, कारण उंचीवर चेरेन्कॉव्ह प्रकाश दाट मिळतो आणि कमी ऊर्जेचे किरणही पकडता येतात. तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘मेस’ दुर्बिणीचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तिचा आरसा २१ मीटर व्यासाचा, कॅमेरा १,०८८ नळ्यांचा. हा कॅमेरा सरीचे चित्रच टिपतो. गॅमा किरणाची सर सडपातळ, लंबगोल दिसते. वैश्विक किरणांची, म्हणजे आकाशातूनच येणाऱ्या विद्युतभारित कणांची, विस्कटलेली. असे नको असलेले चित्र हजारोंच्या संख्येने येते आणि ते बाजूला काढणे हेच खरे कष्टाचे काम. हानलेच्या उंचीचे कौतुक रास्त आहे, पण लहान, स्वस्त आरशांनी नॅनोसेकंद मोजणाऱ्या पचमढीला त्यातला वाटा क्वचितच मिळतो.

गॅमा किरण टिपणाऱ्या नासाच्या ‘फर्मी’ उपग्रहाची २००८पासूनची निरीक्षणे आणि ती तपासण्याची सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध आहेत. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी ती वापरावीत. त्याला दुर्बीण लागत नाही, एक संगणक पुरतो.