मोटारीची दुर्बीण : आधी तिचे भाग ओळखा

या सदरात आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, पतपेढीची कर्जे यांवर लिहितो. आजचा विषय वेगळा, पण तोही घरच्या मुलांचाच आहे. वस्तीतल्या मुलांसाठी वर्गणी काढून मोटारीवर फिरणारी दुर्बीण घ्यावी, असे बोलणे मंडळांत निघते. विचार चांगला आहे. मात्र अशी वस्तू आली की ती एका जाणकाराच्या ताब्यात जाते. बाकीचे रांगेत उभे राहून एक डोळा लावतात आणि घरी जातात. तो जाणकार नोकरीसाठी पुण्याला गेला की दुर्बीण खोक्यात! पैसा सगळ्या घरांचा आणि विद्या एकाची, हे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून मुलामुलींनी, आयाबहिणींनीही तिचे भाग हाताळून ओळखावेत.

पहिला भाग नळी. नवशिक्यांच्या पुष्कळ दुर्बिणींत मोठे भिंग नसते, आरसा असतो. न्यूटनने १६६८ साली अशी दुर्बीण केली. नळीच्या तळाशी खोलगट मोठा आरसा आणि तोंडाजवळ तिरपा छोटा आरसा असतो. म्हणून डोळा मागून नव्हे, वरच्या बाजूला कडेने लावायचा. आरशाचा व्यास हीच दुर्बिणीची खरी ताकद. १३० मिलिमीटरचा आरसा अंधारात पूर्ण उघडलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे साडेतीनशे पट उजेड गोळा करतो. आरसा फडक्याने पुसू नये, चरे पडतात.

दुसरा भाग आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग. किती पट मोठे दिसेल हे त्यावर ठरते, आणि हिशेब सोपा आहे. नळीवर केंद्रांतर ६५० मिलिमीटर लिहिलेले असेल, तर २५ चा आयपीस २६ पट दाखवतो आणि ९ चा सुमारे ७२ पट. सुरुवात नेहमी २५ ने करावी. खोक्यावर 'पाचशे पट' छापलेले असले तरी भुलू नये. आरशाच्या मिलिमीटरची दुप्पट, म्हणजे १३० ला २६० पट, ही साधारण मर्यादा. चित्र उलटे दिसते, तो बिघाड नव्हे.

तिसरा भाग शोधक. नळीवर बसवलेली ही छोटी वस्तू तांबडा ठिपका दाखवते. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, आगाशिवच्या डोंगरावरचे एखादे झाड आयपीसमध्ये मधोमध आणावे. मग शोधकाचे स्क्रू फिरवून ठिपकाही त्याच झाडावर आणावा. हे दिवसा केले नाही तर रात्री चंद्रसुद्धा सापडत नाही.

चौथा भाग तिपाई आणि मोटारीचा खांदा. मोटार कशाला? पृथ्वी फिरते, म्हणून आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकते. ७२ पटीत तारा तीनएक मिनिटांत नजरेबाहेर जातो. रांगेतल्या तिसऱ्या मुलाला काहीच दिसत नाही. मोटार नळीला ताऱ्यामागे हळूहळू नेते. पूर्वी हेच काम वजन टांगलेले घड्याळी यंत्र करी. मोटारीची नळी हाताने ढकलू नये, दाते झिजतात. तिपाई सपाट जमिनीवर ठेवावी.

पाचवा भाग बटणांचा हातरिमोट. त्यात गाव, तारीख आणि वेळ भरावी लागते. मलकापूरसाठी अक्षांश सुमारे १७.३ उत्तर, रेखांश ७४.२ पूर्व आणि वेळ साडेपाच तास पुढे. तारखेत पुष्कळदा महिना आधी असतो, तेवढे पाहावे. मग दोन-तीन ठळक तारे दाखवून त्याला दिशा शिकवायची. नावे इंग्रजी असतात म्हणून मुले बिचकतात. सिरियस म्हणजे आपला व्याध, कनोपस अगस्ती, कपेला ब्रह्महृदय, आर्क्ट्युरस स्वाती, स्पायका चित्रा आणि व्हेगा अभिजित. एवढे पाठ असले की काम झाले. सेल उतरले की रिमोट सगळे विसरतो, म्हणून बारा व्होल्टचा बाहेरचा पुरवठा बरा.

आपल्या राज्याला हे यंत्र नवे नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभारली. तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून अभ्यासले. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर विद्या थांबते ती अशी. याउलट पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांच्या बळावर चालत आली.

ग्रहणाचे नाव निघाले म्हणून सांगतो. ग्रहण सुटले की आपल्या माणसांनी गावात गिराण मागत फिरायचे, लोकांचा विटाळ झोळीत घ्यायचा, ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसली. चंद्राची सावली म्हणजे ग्रहण, हे ज्या मुलीने डोळ्यांनी पाहिले तिच्यापुढे कोणी राहू-केतू मांडू शकणार नाही. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण भारतातून खंडग्रास आहे. मात्र नळीच्या तोंडावर खास सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. क्षणात डोळा जातो.

शेवटी आमची एक सूचना. दुर्बिणीबरोबर एक वही ठेवा. जो पाचही भाग नावानिशी सांगून जोडणी करून दाखवील त्याचे नाव वहीत लिहा, आणि त्याने पुढच्या दोघांना शिकवल्यावरच त्याला किल्ली द्या. त्या वहीत मुलींची नावे निम्मी तरी असली पाहिजेत.