दुरुस्तीचा हक्क पहिला

वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क कोणाचा? हनफी फिकहचं उत्तर स्पष्ट आहे: दुरुस्तीचा. वाकिफने वक्फनाम्यात तसं लिहिलं नसलं तरीही. छप्पर गळत असताना खैरात वाटत बसायचं नाही. हाच नियम सरकारच्या सॉफ्टवेअरला लावून पाहू.

6 जून 2025 ला उमीद पोर्टल सुरू झालं. नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचे तपशील सहा महिन्यांत त्यावर चढवायचे होते. मुतवल्लीने भरायचं, वक्फ मंडळाने तपासायचं, सरकारी अधिकाऱ्याने मंजूर करायचं. जुन्या वामसी पोर्टलवर सुमारे 8 लाख 72 हजार नोंदी होत्या, तरी तपशील पुन्हा नव्याने भरावे लागले. 6 डिसेंबरला मुदत संपली तेव्हा सुरू झालेल्या नोंदी होत्या 5 लाख 17 हजार आणि मंजूर झालेल्या 2 लाख 16 हजार. पोर्टल अडकतं, मधेच बंद पडतं अशा तक्रारी देशभरातून आल्या. 1 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली. अडचण असेल त्याने ट्रिब्युनलकडे जावं असं सांगितलं. मंत्र्यांनी तीन महिने दंड न करण्याचं जाहीर केलं. म्हणजे यंत्र अडलं तरी कारण सिद्ध करायचं मुतवल्लीनेच!

‘मुतवल्लीच आळशी’, असं काहीजण म्हणतील. काही आहेतच. आपल्या कित्येक जमातींत दप्तर पिशवीत आणि हिशोब तोंडी असतो. पण मोजायचं तर दोन्ही बाजूंचं मोजा.

पोर्टल चालवणाऱ्यांना चारच प्रश्न विचारा. ते किती तास बंद होतं? तक्रार आल्यापासून दुरुस्तीला किती दिवस लागले? तोच बिघाड किती वेळा परत आला? जुनी माहिती आपोआप नव्या पोर्टलवर का आणली नाही? याची उत्तरं तारखांसह जाहीर व्हायला हवीत. उद्घाटनाच्या फोटोवरून पोर्टलचा दर्जा ठरत नाही, या नोंदींवरून ठरतो.

मिरजेचा मीरासाहेब दर्गा, कराडची मनोऱ्यांची मशीद यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांची विचारपूस होईलही. पण सातारा-सांगलीच्या खेड्यातल्या चार गुंठे कब्रस्तानाचं काय? तिथला म्हातारा मुतवल्ली रोजगार बुडवून सेवा केंद्रात बसतो, पान उघडत नाही, घरी परततो. वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. सांगलीहून रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पुढे. त्याचा बुडालेला दिवस कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पोर्टल जितके दिवस नीट चालत नाही, तितके दिवस मुदतीतून आपोआप वगळा. आणि जमातींनीही प्रत्येक अडथळ्याची तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट वहीला जोडून ठेवावा. ट्रिब्युनलपुढे गाऱ्हाणं नाही, पुरावा चालतो. वक्फ ही अमानत आहे. ती ज्या यंत्रात ठेवायला लावता, त्या यंत्राची देखभाल ही सुद्धा अमानतच आहे.