बाल्कन नव्हे, बालाघाट

पन्नाशी उलटलेल्या दोन गृहस्थांनी सायकलीवरून डोंगर चढायला निघावे, यात शहाणपणा कितपत, हे मी वाचकांना विचारीत नाही. तो प्रश्न आमच्या घरी विचारून झाला आहे. "अहो, गुडघ्यांची संमती घेतलीत का?" इति सौ.

मूळ बेत तर याहून भारी होता. माझ्या मित्राच्या मुलाने कुठूनशी बाल्कन देशांची छायाचित्रे आणली होती. माँटेनेग्रो, अल्बानिया, डोंगरांना वेढे घालीत जाणारे रस्ते आणि त्यांवर सामान लादलेल्या दोन सायकली. ती पाहून मित्राने उन्हाळाभर नकाशे पसरले. मीही मान डोलावली. नकाशावर चढ लागत नाही. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवरून जग पाहायला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले, हा दाखला त्याने मला चारदा ऐकविला. "आडनावातच आमचं भूम आहे बघ," हे दर वेळी शेवटी.

मित्र भूमचा. धाराशिव जिल्ह्यातले, बालाघाटच्या डोंगराळ मुलखातले हे तालुक्याचे गाव. दिवाळीच्या थोडे आधी त्याचा फोन आला. "बाल्कन राहू दे. बालाघाटात येतोस का? सोमवारी घराचं खरेदीखत आहे. गाडीनं जायचं माझ्या मनात नाही."

घर म्हणजे घर आणि मागची खव्याची भट्टी. या भागात पाण्याचे दुर्भिक्ष; शेतीचा भरवसा नाही, म्हणून म्हशी. दूध भरपूर, पण शहर लांब आणि दूध तर संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. तेव्हा ते कढईत आटवायचे. पाच लिटरांचा जेमतेम किलोभर खवा होतो आणि तोवर कढईपुढचा माणूस हात थांबवू शकत नाही. थांबला की खाली लागलेच! मित्राचे वडील पहाटे भट्टी पेटवीत आणि खवा सायकलीच्या कॅरिअरवर बांधून बार्शीला नेत. त्या खव्यावर मुलगा पुण्यात शिकला.

"शाळेत मला पोरं 'खव्या' म्हणायची," रस्त्यात त्याने सांगितले. "दादांची सायकल शाळेवरून जायची वेळ झाली, की मी खाली वाकून चप्पल शोधायचो."

शनिवारी आम्ही सायकलींसह बार्शीला उतरलो होतो. १८९७ साली कुर्डुवाडीहून इथे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती खेळण्यासारखी गाडी आली. आता रूळ रुंद झाले आहेत. बार्शी ते भूम तीस-पस्तीस किलोमीटर. गंमत अशी, की बार्शी इंग्रजी मुलखात आणि भूम हैदराबाद संस्थानात, त्यामुळे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत याच रस्त्यावर सरहद्द होती. बाल्कनच्या सरहद्दी मोजता मोजता थकलेल्या माझ्या मित्राला घरच्या रस्त्यावरची ही एक ठाऊक नव्हती!

या मुलखातला चढ फसवा. घाटासारखा तो अंगावर येत नाही. रस्ता सपाट दिसतो आणि पाय मात्र जड होत जातात. आपल्यालाच काही झाले काय, अशी शंका येते. आमच्या सायकलींना एकवीस गिअर. त्यांतला सर्वांत हलका शोधीत मी खटाखट दांडी फिरवीत होतो. त्यात बाभळीच्या काट्याने माझे मागचे चाक बसले. पंक्चर काढायचे सामान पिशवीत होते, पण सोल्यूशनची ट्यूब वाळून दगड झालेली. (ती भरली होती या लेखकाने, हे नमूद करतो.) दीड मैल सायकल ढकलली. मित्रही उतरून बरोबर चालला. गिअर नसताना इथून दादा कसे जात असतील, हे दोघांच्याही मनात होते. बोलले कोणी नाही.

"किती वेळ लागतो बार्शीला, एवढंसुद्धा मी त्यांना कधी विचारलं नाही," तो भूमच्या वेशीशी म्हणाला.

रविवारी कुंथलगिरीला गेलो. जैनांचे हे सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागरांनी येथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. वाटेत मित्राने भूगोल सांगितला. भूमची बाणगंगा सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. डोंगरापलीकडचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते. एकाच सरीचे दोन थेंब, पण वाटा वेगळ्या. बरे वाटले ऐकायला. पण त्याचे लक्ष सोमवारकडे होते, हे मला कळत होते.

घर विकण्यात काही चुकले, असे मला वाटत नाही. भट्टी दहा वर्षे थंड होती, छप्पर एका बाजूने खचले होते, आणि विकत घेणारा शेजारीच, खव्याच्याच धंद्यातला. सह्या झाल्या. मित्राने किल्ली दिली आणि भट्टीत एकदा डोकावला. धुराने काळ्या झालेल्या भिंतीला खुंट्यांवर दादांची सायकल टांगलेली होती. कॅरिअरला जाड लोखंडी पट्टीची जोड दिलेली.

"ती यादीत नाही," शेजारी म्हणाला. "तुमची आहे, न्या तुम्ही."

बाजारातल्या सायकलवाल्याने दोन टायर, दोन ट्यूब आणि ब्रेकचे रबर घातले, चेनला तेल पाजले आणि घंटी दुरुस्त होणार नाही, असे सांगितले. मित्राने आपली एकवीस गिअरवाली सायकल शेजाऱ्याच्या मुलाच्या हाती दिली. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मंगळवारी सकाळी निघालो. मी गिअर बदलीत पुढे जाई आणि झाडाखाली त्याची वाट पाही. चढ आला की तो उतरून ढकली. उतारावर मात्र मला मागे टाकी. बार्शीच्या पहिल्या दुकानाशी त्याने पाय टेकला आणि घड्याळ पाहिले.

"साडेतीन तास," तो म्हणाला. मग रुमालाने मान पुसून, मागे कॅरिअरकडे पाहत, "पण माझ्याकडं ओझं नव्हतं रे."