पाण्याखालचे तक्रारदार

सुपरहिरो म्हटला की आपण वर बघतो. सुपरमॅन ढगांतून येतो, बॅटमॅन गच्चीवरून उडी टाकतो, स्पायडरमॅन तर दोन इमारतींच्या मध्ये लोंबकळतच असतो. खाली पाण्यात कोणी बघत नाही. पाण्याखालच्या हिरोंची कॉमिक्सच्या दुनियेत कायम थोडी चेष्टाच होत आली आहे. "काय करतो हा? माशांशी बोलतो!" संपलं. मला मात्र हीच मंडळी जास्त आवडतात. का आवडतात याचा विचार करता करता एक साधी कसोटी हाती लागली: ज्याचं जमिनीशी भांडण आहे तोच पाण्याखालचा खरा हिरो. बाकीचे नुसते पट्टीचे पोहणारे.

आता ही कसोटी लावून बघू.

सगळ्यांत प्रसिद्ध अर्थातच अ‍ॅक्वामॅन. १९४१ साली मॉर्ट वाइसिंगर आणि पॉल नॉरिस यांनी तो जन्माला घातला. पहिल्या हकिकतीत त्याचे वडील समुद्रतळाचे संशोधक होते आणि अटलांटिसच्या अवशेषांतून मिळालेल्या विद्येने त्यांनी पोराला पाण्यात जगायला शिकवलं होतं. १९५९ मध्ये हे सगळं बदललं. वडील दीपगृहाचे रखवालदार झाले, आई अटलांटिसची झाली, आणि तीच हकिकत टिकली. त्या काळात पाण्याबाहेर तासाभरापेक्षा जास्त राहिला तर त्याचं काही खरं नसे. मग १९७३ मध्ये 'सुपर फ्रेंड्स' ही कार्टून मालिका आली आणि बिचाऱ्याची पुरती शोभा झाली. संकट यायचं बहुतेक वेळा जमिनीवर, आणि हा आपला जवळपास कुठे पाणी आहे का ते बघणार! पुढच्या लेखकांनी ही चेष्टा धुऊन काढायला जिवाचं रान केलं. १९७७ मध्ये त्याचं तान्हं मूल मारलं. १९९४ च्या मालिकेत पिरान्हा माशांकडून त्याचा हात खाववला आणि त्या जागी हार्पून बसवला. दाढी वाढवली, केस वाढवले. दुःख भरपूर दिलं, पण ते सगळं घरगुती. जमिनीवरच्या माणसांना दोन प्रश्न विचारावेत असं त्याला फारसं वाटत नाही. तो मला नेहमी बंदर खात्यातल्या सज्जन अधिकाऱ्यासारखा वाटत आलाय.

२०१८ च्या सिनेमात तर कमालच झाली. जेसन मोमोआचा तो सिनेमा जगभरात एक अब्ज डॉलरहून जास्त कमावून गेला. दिसायलाही देखणा आहे, तक्रार नाही. पण त्यात एक प्रसंग आहे. अटलांटिसचा राजा ऑर्म, म्हणजे हिरोचा सावत्र भाऊ, एक प्रचंड लाट उठवतो आणि माणसांनी समुद्रात टाकलेला सगळा कचरा, युद्धनौकांसकट, किनाऱ्यावर परत आणून टाकतो. सिनेमाच्या मते हा खलनायक. मी खुर्चीत बसून मनात म्हणत होतो, अहो, त्याचं म्हणणं काय चुकीचं आहे? मुंबईत पावसाळ्यात मोठी भरती आली की मरीन ड्राइव्हवर समुद्र नेमकं हेच करतो, आणि पालिकेची माणसं तो कचरा गाड्या भरभरून उचलतात. समुद्राला आपण खलनायक म्हणत नाही. (अजून तरी.) ज्या गोष्टीत तक्रार करणारा खलनायक आणि तक्रार मिटवणारा हिरो, ती गोष्ट आपली नाही एवढं मला तेव्हा कळलं.

नेमॉर याच्या बरोबर उलटा. तो अ‍ॅक्वामॅनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, १९३९ चा. बिल एव्हरेट नावाच्या बावीस वर्षांच्या पोरानं त्याला काढला. इंग्रजीत 'रोमन' हा शब्द उलटा लिहिला की 'नेमॉर' होतो, नावामागचं गूढ एवढंच. टोकदार कान, घोट्यांना इवलेसे पंख, आणि डोक्यात राख. ही राख फुकटची नाही. अंटार्क्टिकाला आलेल्या एका अमेरिकन जहाजाने बर्फ फोडायला सुरुंग लावले आणि त्यात खाली राहणारी त्याच्या आईची माणसं मेली. पोरगा मोठा झाला आणि हिशेब चुकता करायला निघाला. १९४० मध्ये तो न्यूयॉर्कवर चालून जातो आणि ह्यूमन टॉर्चशी, म्हणजे चक्क पेटत्या माणसाशी भिडतो. पाणी विरुद्ध आग! पोरांनी उड्या मारल्या नसत्या तरच नवल. पुढे युद्ध पेटलं आणि नेमॉरला नाझींच्या मागे लावून देण्यात आलं, म्हणजे सगळ्यांचीच सोय झाली. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला पुन्हा बाहेर काढला तेव्हा तो स्मृती गेलेला, दाढी वाढलेला, न्यूयॉर्कच्या एका भिकार लॉजमध्ये पडलेला होता. स्मृती परत येते, घरी जातो, तर माणसांच्या अणुचाचण्यांनी घर उद्ध्वस्त झालेलं. आता अशा माणसाला तुम्ही तापट म्हणणार?

२०२२ च्या 'वाकांडा फॉरेव्हर'मध्ये याच नेमॉरला नवा इतिहास मिळाला. त्याची माणसं आता अटलांटिसची नाहीत, माया वंशाची आहेत. सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश लोकांपासून आणि त्यांच्या रोगांपासून वाचायला ती समुद्रात उतरली. बऱ्याच जणांना हा बदल फार नवा, फार आजचा वाटला. मला नाही वाटला. गुलामीतून पळून पाण्याखाली जाणाऱ्या माणसाची गोष्ट एका फ्रेंच लेखकाने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. आणि तो माणूस भारतीय होता.

आता मी मुद्द्यावर आलो. माझा लाडका म्हणजे कॅप्टन निमो.

माझ्या पिढीतल्या अनेकांना ज्यूल व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून. (फास्टर फेणेचे जनक तेच. एका माणसाने आमच्या पोरवयावर किती उपकार करावेत याला काही सुमार?) समुद्राखाली वीस हजार लीग चाललेली ती पाणबुडी, बारा हजार पुस्तकांचं ग्रंथालय, एकटाच ऑर्गन वाजवत बसणारा कप्तान. वीस हजार लीग हे अंतर आहे, खोली नव्हे, हे मात्र सांगायला हवं. खोली असती तर निमो पृथ्वीच्या आरपार जाऊन पलीकडे अवकाशात निघाला असता.

१८६९-७० च्या त्या पहिल्या कादंबरीत निमो कोण, कुठला, हे व्हर्न सांगतच नाही. लॅटिनमध्ये निमो म्हणजे 'कोणीही नाही'. व्हर्नच्या डोक्यात आधी पोलंडचा एक उमराव होता, १८६३ च्या उठावात रशियनांनी ज्याचं कुटुंब संपवलं असा. पण प्रकाशक एत्झेल हुशार! रशियात पुस्तकं खपतात, त्यांना दुखवू नका म्हणाला. म्हणून निमो बिनदेशाचा राहिला. देश मिळाला तो १८७४-७५ च्या 'गूढ बेटा'च्या गोष्टीत, मरणशय्येवर. तिथे कळतं की हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. दहाव्या वर्षी युरोपात शिकायला पाठवलेला, विज्ञान, कला सगळं शिकून १८४९ मध्ये परत आलेला. लग्न झालं, दोन मुलं झाली. १८५७ आलं, आणि हा आघाडीवर लढला. वीस लढायांत दहा वेळा जखमी झाला. उठाव चिरडला गेला, घरदार गेलं. मग उरलेली संपत्ती आणि निवडक साथीदार घेऊन तो समुद्रात उतरला, कारण तिथे कोणाचं राज्य नव्हतं.

नाव जरा विचित्रच आहे. डक्कर ऐकून बुंदेलखंडी माणसाला हिंदीतली ढेकर आठवेल. शिवाय व्हर्न त्याला टिपू सुलतानाचा पुतण्या करतो! टिपू १७९९ मध्ये गेला, तोही श्रीरंगपट्टणात. बुंदेलखंडाशी नातं कसं जुळवलं ते व्हर्नच जाणे. त्याला बहुधा हा शब्दच आवडत असावा, कारण 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'मधली सती जाता जाता वाचवलेली औदासुद्धा बुंदेलखंडच्याच राजाची विधवा आहे. दोन्ही कादंबऱ्यांच्या तारखाही एकमेकींशी जुळत नाहीत. असो.

चेष्टा बाजूला ठेवू. एक प्रश्न मला खरोखर सतावतो: निमो मुळात भारतीय होता की सोयीसाठी भारतीय केला? पहिल्या कादंबरीत त्याच्या खोलीच्या भिंतीवर सात तसबिरी आहेत: पोलंडचा कोशचुश्को, ग्रीसचा बोत्झारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, वॉशिंग्टन, व्हेनिसचा मनिन, लिंकन आणि जॉन ब्राऊन. सगळे स्वातंत्र्याचे, मुक्तीचे पुरस्कर्ते, आणि त्यांत एकही भारतीय नाही. सत्तावन्नमध्ये लढलेल्या माणसाच्या भिंतीवर झाशीची राणी नाही? संशय यायला जागा आहे.

पण त्याच पुस्तकात सिलोनजवळचा मोत्यांच्या शिंपल्यांचा प्रसंग आहे. एका गरीब पाणबुड्यावर शार्क धावून येतो. निमो नुसता खंजीर घेऊन त्या शार्कवर जातो, त्या माणसाला वाचवतो आणि त्याच्या हातावर मोत्यांची पिशवी ठेवतो. माणसांशी संबंध तोडलेल्या तुम्ही हे का केलंत, असं प्राध्यापक विचारतात. निमो सांगतो की हा हिंदी माणूस दडपलेल्या देशाचा रहिवासी आहे, आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा. 'त्याच देशाचा' म्हणजे हिंदुस्थानचा की कुठल्याही पिचलेल्या देशाचा, हे व्हर्नने उघडं ठेवलं आहे. माझं मत विचाराल तर इथेच तो आपला झाला. पाच वर्षांनी आलेला बुंदेलखंड ही फक्त कागदपत्रांची पूर्तता.

आणि या कागदपत्रांचं इंग्रजांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. पहिल्या पुस्तकात निमो एक युद्धनौका माणसांसकट बुडवतो. दुसऱ्या पुस्तकात मरताना त्याला त्याबद्दल छेडलं जातं, तेव्हा तो उसळून सांगतो की ती इंग्रज युद्धनौका होती. फ्रेंचमध्ये तसं स्पष्ट आहे. १८७५ मध्ये किंग्स्टनच्या नावाने निघालेल्या इंग्रजी अनुवादात तीच नौका 'शत्रूची' झाली. डक्करच्या इंग्रजद्वेषाची सगळी हकिकतही मवाळ करून टाकली. हाच अनुवाद पुढे वर्षानुवर्षं छापला गेला. म्हणजे ज्या देशाची ही तक्रार, त्या देशातल्या इंग्रजी वाचणाऱ्यांच्या हाती ती धुऊन, इस्त्री करून आली.

निमोने शेकडो माणसं बुडवली हे मी विसरत नाही. व्हर्नही विसरत नाही. मरताना निमो स्वतःच विचारतो, मी चूक होतो की बरोबर? त्याला उत्तर मिळतं की गेलेला काळ परत आणता येईल असं तुम्हाला वाटलं, तुम्ही प्रगतीच्या विरुद्ध लढलात. हे उत्तर मला कधीच पटलं नाही. विजेवर चालणारी, सत्तर मीटर लांबीची पाणबुडी बांधणारा माणूस प्रगतीच्या विरुद्ध? सत्तावन्नचे सगळे लोक 'मागे जाणारे' होते हा साहेबांचा लाडका युक्तिवाद, आणि व्हर्नलाही तो सुटला नाही. १८८० मध्ये त्याने भारतावर आणखी एक कादंबरी लिहिली, तीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती आहे, आणि खलनायक कोण? आपले नानासाहेब पेशवे. पाच वर्षांत सत्तावन्नचा एक माणूस हिरो आणि दुसरा राक्षस. नानासाहेबांनाही एखादी पाणबुडी मिळायला हवी होती.

पडद्यावर निमो बराच काळ गोराच राहिला. १९५४ च्या डिस्नेच्या सिनेमात जेम्स मेसन आहे, फार सुंदर काम, पण बुंदेलखंडचा मागमूस नाही. अ‍ॅलन मूर आणि केव्हिन ओनील यांनी १९९९ मध्ये 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या कॉमिकमध्ये त्याला ठणठणीत भारतीय केला, आणि २००३ च्या त्याच नावाच्या सिनेमात नसीरुद्दीन शाह निमो झाला. सिनेमा यथातथाच. नसीर मात्र पगडी, दाढी, तलवार सगळं वागवत त्यातही शोभतो. गंमत म्हणजे त्याच २००३ मध्ये पिक्सारचा तो केशरी मासा आला आणि तेव्हापासून कुठल्याही पोराला निमो कोण विचारा, तो बोट मत्स्यालयाकडेच करतो. २०२४ मध्ये आलेल्या 'नॉटिलस' मालिकेत शाझाद लतीफने पुन्हा भारतीय निमो केला. तीही परदेशातच बनलेली.

व्हर्नची ही पुस्तकं आता कोणाच्याच मालकीची नाहीत, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. इंद्रजाल कॉमिक्सनी आपल्याला मराठीत वेताळ दिला, मॅन्ड्रेक दिला. त्यांत पाण्यातलं कोणी असेल तर वेताळाच्या सॉलोमन आणि नेफरतिती या डॉल्फिनांचीच आठवण येते. निमोचं मराठी कॉमिक मला आजही हवं आहे. पहिलं पान १८४९ चं असावं: युरोपातून शिकून आलेला तिशीचा पोरगा, ट्रंकेत यंत्रांची रेखाटनं, आणि समोर असा देश जिथे त्याच्या वयाचे लोक बंदुका मोजतायत. भिंतीवर लिंकन आणि जॉन ब्राऊन खुशाल राहू देत, शेजारी झाशीची राणी लावा. फक्त चित्रकाराने पगडी काढताना हात जरा आखडता घ्यावा. पाणबुडीच्या झाकणातून ती आत जायला हवी.