टिंब कुठे गेले?

परवा वर्गातल्या नव्या लॅपटॉपवर एका मुलीने ‘मंद वारा’ऐवजी ‘मद वारा’ वाचले. मी तिला रागावले. मग तिच्या जागी बसून पाहिले, तर मलाही टिंब दिसेना.

पडदा 14 इंची, त्यात 2560 बाय 1600 ठिपके, म्हणजे इंचाला 200 हून अधिक. जुने प्रोग्राम इंचाला 96 ठिपके धरून अक्षर काढतात. ते मुंगीएवढे दिसते. लिनक्समध्ये माप 200 टक्के केले तर खालची बटणे पडद्याबाहेर जातात. 150 केले तर जुन्या प्रोग्रामचे चित्र ताणले जाऊन अक्षर धूसर होते. वेलँडमध्ये 2022 साली अपूर्णांकी मापाची सोय आली, पण प्रोग्रामनेही ती पाळली पाहिजे ना!

इंग्रजी-फ्रेंचमध्ये ‘आय’वरचे टिंब पुसले तरी शब्द कळतो. आपल्याकडे अर्थच बदलतो.

लिनक्स फुकट मिळते, त्याचे मला कौतुकच आहे. पण शाळेत संगणक बसवणाऱ्याने मराठीचे एक पान उघडून टिंब दिसते का, ते पाहूनच सही घ्यावी. मी सध्या माप 100 ठेवून फक्त अक्षरे मोठी केली आहेत. त्या मुलीची माफीही मागितली.