सीईटीनंतरचे रिकामे महिने

बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीचा निकाल लागला की घर कागदपत्रांच्या मागे धावू लागतं. डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, जातपडताळणी, मग कॅप राउंड. कुठलं कॉलेज लागतं, होस्टेल मिळतं का, याची चौकशी आई-बाप, मामा, गावातला सायबर कॅफेवाला असे सगळे मिळून करतात. जिला शिकायला जायचंय ती मुलगी मात्र या काळात रिकामी असते. बारावीची पुस्तकं माळ्यावर गेलेली असतात आणि पहिल्याच सत्रात काय वाढून ठेवलंय, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. प्रवेशप्रक्रियेवर एवढी यंत्रणा राबते. प्रवेशानंतरच्या पहिल्या दिवसासाठी मुलीला तयार करणं हे कुणाचंच काम नाही, ही यातली खरी त्रुटी आहे.

भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेला अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा आहे. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादासाठीचं इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. हा शेवटचा विषय नुसता वर्गात शिकायचा नसतो. त्याचे १६० तास वॉर्डातले असतात, तेही पहिल्याच सत्रात. म्हणजे कालपर्यंत बेंचवर बसलेली अठरा वर्षांची मुलगी काही आठवड्यांत अनोळखी माणसाच्या खाटेशी उभी राहते, तापाचा तक्ता भरते. ब्रदर म्हणून येणाऱ्या मुलांचंही तसंच. सीईटी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि अॅप्टिट्यूडवर बेतलेली. ती मुलांची चाळणी लावते, तयारी करून घेत नाही.

सगळ्यात आधी अडते ती भाषा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकून आलेल्या मुलीपुढे अॅनाटॉमीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक येतं, केअर प्लॅन इंग्रजीत लिहायचा असतो, व्हायव्हाही इंग्रजीत. वर्गात गप्प बसणारी हीच मुलगी सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात सगळ्यात कामाची ठरू शकते. म्हाताऱ्या पेशंटची धाप, कळ, भोवळ, पायातल्या मुंग्या तिला लगेच समजतात. घरी आजीची शुगर आणि आजोबांचं लकव्याचं अंथरूण तिने पाहिलेलं असतं. या अनुभवाला प्रवेशाच्या कुठल्याच टप्प्यावर किंमत नाही. रिकाम्या महिन्यांत तिने शरीरशास्त्राचे शे-दोनशे शब्द उच्चारासह पाठ केले आणि रोज पानभर इंग्रजी हाताने लिहिलं, तरी पहिल्या सत्रातला निम्मा धसका जाईल. कॉलेजांनी या शब्दांची यादी प्रवेशपत्रासोबत द्यायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण गणिताची, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. जीवशास्त्र घेऊन, गणित सोडून आलेल्या मुलींना वाटतं की आकडेमोडीशी संबंध संपला. वॉर्डात तो रोज येतो. ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे आणि आयव्ही सेट १ मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१. लहान मुलांसाठी वापरतात त्या मायक्रोसेटमध्ये १ मिलिलिटरला ६० थेंब असतात. सेट कोणता हे न बघता थेंब मोजले, तर सलाईन तिप्पट वेगाने जाईल किंवा एक-तृतीयांशच जाईल. इन्शुलिनचं त्याहून नाजूक. आपल्याकडे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटची व्हायलही मिळते आणि १०० युनिटचीही, आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी. १०० युनिटच्या व्हायलमधलं औषध ४० च्या सिरिंजमध्ये ‘२०’ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पेशंटच्या शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. अडीचपट. हे गणित सातवीतल्या गुणोत्तर-प्रमाणाच्या पलीकडचं नाही. त्याला कोचिंग क्लास नको, जुनी वही आणि पंधरा दिवस पुरतात. पण ते रात्रपाळीत, तीन पेशंट एकदम हाका मारत असताना अचूक यावं लागतं, म्हणून हाताला आधीच वळण हवं.

तिसरी गोष्ट लसीची, आणि तिचं तर निव्वळ कॅलेंडरच पाहावं. हिपॅटायटिस बीचे मोठ्यांसाठीचे डोस तीन: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात सुई टोचण्याचा धोका नवशिक्यांना असतोच. कॉलेज सुरू झाल्यावर पहिला डोस घेतला, तर तिसरा व्हायच्या आतच १६० तासांची पहिली पोस्टिंग होऊन जाते. लहानपणी पूर्ण डोस झाल्याची नोंद सापडत नसेल, तर निकालाच्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून पहिला डोस घेतलेला बरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासता येते, तीही तपासून घ्यावी.

कॉलेज निवडताना पालक इमारत बघतात, बस बघतात. बघायचं असतं हॉस्पिटल. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं, कारण हे शिक्षण खाटेशी उभं राहूनच होतं. त्या खाटांवर खरंच पेशंट असतात का, हे दुपारी ओपीडीच्या वेळी एक फेरी मारली तर कळतं. ‘थेट अॅडमिशन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहण्याचंही एक ठोस कारण आहे. आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींसाठी राज्याने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, पण ते केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, आलेल्यांसाठी. संस्थास्तरावर जागा घेतली की ही सवलत हातची जाते.

घरच्यांचीही तयारी व्हावी लागते, आणि महाराष्ट्राने ती एकदा करून दाखवली आहे. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी स्त्रिया पाठवल्या, त्यांत विधवाही होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, या गोष्टींवर त्या काळी केवढं वादळ उठत असेल! घराला विश्वासात घेतलं आणि राहण्याची चोख सोय केली, तरच बायका शिकायला येतील, हे त्या कामातून दिसून आलं.

आज तेवढा विरोध नाही, पण भीती आहे, आणि ती निराधार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला; १८ मे २०१५ ला त्यांचं निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयातल्या सिस्टरांनी एकामागून एका पिढीने त्यांना सांभाळलं. त्या शुश्रूषेबद्दल या व्यवसायाला जेवढा मान द्यावा तेवढा थोडाच. पण कपडे बदलायची खोली कुठे आहे, संध्याकाळच्या पोस्टिंगनंतर मुली होस्टेलवर कशा परततात, रात्री सोबत कोण असतं, हे प्रश्न पालकांनी प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांना तोंडावर विचारावेत. ज्या कॉलेजला हे प्रश्न खुपतात तिथे मुलगी पाठवू नये.

पगाराबद्दलही आधीच स्पष्ट बोलावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी परिचारिकेइतकाच पगार असावा, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली, सगळीकडे कायद्यासारखी पाळली गेली नाही. लाखांची कर्जं काढून शिकणाऱ्या मुलीला हे पदवीनंतर नव्हे, कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी माहीत असावं.

हे सगळं एकेकट्या घरावर सोडून चालणार नाही. राज्यात जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या नर्सिंग शाळा आहेत, तिथे अनुभवी ट्यूटर आहेत. प्रवेशाच्या पहिल्या फेरीनंतर प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आठवडाभर या मुलांना वॉर्डात नुसतं उभं राहू द्यावं. सकाळचा हँडओव्हर ऐकू द्यावा, बेड मेकिंग पाहू द्यावं, इन्चार्ज सिस्टरच्या मागे फिरू द्यावं. ज्याला रक्त पाहून चक्कर येते त्याला ती तिथेच येईल आणि बहुतेकांची जाईलही. ज्यांना हे काम आपलं नाही असं वाटेल, त्यांना पुढच्या फेरीत दुसरी वाट घेता येईल. आठवड्यातली एक संध्याकाळ पालकांसाठी ठेवावी. त्याच वेळी लसीचा पहिला डोस, गुणोत्तराची उजळणी आणि शब्दांची यादी. सीईटी कक्ष प्रवेशफेऱ्यांचं वेळापत्रक जाहीर करतोच. या आठवड्याच्या तारखा त्यातच, कागदपत्रांच्या यादीच्या वर छापाव्यात.